पाच रुपयांच्या पुडीवर घटकांची यादी का नसते?

साबण, क्रीम किंवा लोशन घेताना पाकीट उलटं करून मागची यादी वाचायची, दोन कंपन्यांचा माल ताडून बघायचा, ही सवय जळगाव-धुळ्याच्या कॉलेजच्या पोरींमध्ये अलीकडे चांगलीच रुजली आहे. फेस आणणारं सल्फेट आहे का, माल टिकवणारं पॅराबेन आहे का, त्वचेसाठी घालतात ते नायसिनामाईड किती टक्के, हे प्रश्न आता दुकानदारालाही नवे नाहीत. पण ही यादी पाकिटावर आली कशी, आणि खेड्यापाड्यांत जी पाकिटं खपतात त्यांच्यावर ती असलीच पाहिजे असं अजूनही का नाही, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जुन्या काळात फार रेंगाळायला नको. डाळीचं पीठ, साय, हळद, डोक्याला शिकेकाई नि रिठे, थंडीत टाचांना तेल. काय लावतोय ते लावणाऱ्याला ठाऊक असायचं, कारण ते फडताळातूनच काढलेलं असे.

खान्देशापुरतं बोलायचं तर बदल अमळनेरपासून धरावा. १९४५ च्या अखेरीस तिथे वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली. आसपासचा भुईमूग हा कच्चा माल, आणि जोडीला कपडे धुण्याचा साबण. कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात जगभर पोचली. तीच विप्रो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिने हळद-चंदनाचा अंगाचा साबण काढला आणि तो देशभर चालला. हळद अंगाला लावायची ती घरच्या वाटीतली, हा हिशेब तिथून बदलला. वडीत हळद किती, हे विचारायची मात्र तेव्हा कोणाला गरज वाटली नाही.

साबणाची तुलना तशी सोपी, कारण तिला एक आकडा आहे: टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश. भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीला किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीला ७० आणि तिसऱ्या श्रेणीला ६० टक्के लागतो. ‘बाथिंग बार’ ही जात वेगळी, तिला ४० टक्के पुरतात. दुकानात दोन्ही एकाच फळीवर आणि रॅपरवर सारखीच गुलाबाची फुलं. रॅपर उलटलं की बहुतेक वेळा पहिलं नाव सोडियम पामेट, म्हणजे पामतेलाचा साबण. भुईमूग नाही की सरकी नाही. मग पाणी, टाल्क, ग्लिसरिन, सुगंध, आणि पार शेवटी सी.आय. ११६८० असा रंगाचा क्रमांक. वडीचा पिवळेपणा अशा क्रमांकातून येतो. हळदीचा अर्क असलाच तर त्याच्या आगेमागे कुठेतरी सापडतो.

क्रीम-लोशनला असा एक आकडा नाही, म्हणून तिथे यादीचा क्रम महत्त्वाचा. औषधांच्या १९४० च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं १९६२ च्या दुरुस्तीने आली. नियम असा की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, हव्या त्या क्रमाने. ही एक टक्क्याची रेघ पाकिटावर कुठेच काढलेली नसते. वाचणाऱ्या मुली ती फिनॉक्सिइथेनॉलवरून ओळखतात. माल टिकवण्यासाठी घालायच्या या द्रव्याची कमाल मर्यादाच एक टक्का, त्यामुळे त्याच्या मागे लिहिलेलं केशर किंवा बदामतेल एक टक्क्याच्या आतलंच असणार. ही युक्ती चांगली आहे, पण तिने मालाची लायकी ठरत नाही. सुरकुत्यांसाठी लावतात ते रेटिनॉल एक टक्क्याच्या आत असूनही काम करतं, चमचाभर केशरपाणी तसं करेलच असं नाही.

‘आयुर्वेदिक’ परवान्यावरच्या क्रीमची यादी आणखी निराळी. तिच्यावर ‘प्रत्येक १० ग्रॅममध्ये’ म्हणून वनस्पतींची मिलिग्रॅममध्ये वजनं असतात आणि उरलेलं सगळं ‘बेस, क्यू.एस.’ (म्हणजे मूळ क्रीम, लागेल तेवढं) या दोन शब्दांत आटोपलेलं. एकीवर क्रम आहे पण वजन नाही, दुसरीवर वजन आहे पण बेस नाही. या दोन याद्या शेजारी ठेवून काहीच ठरत नाही.

आता मुख्य भांडण. घटक उतरत्या क्रमाने लिहायच्या नियमाला एक शेपूट आहे: ६० मिलीपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन किंवा अर्धघन माल असेल, तर घटकांची यादी छापली नाही तरी चालते. शाम्पूची पुडी तामिळनाडूतून निघाली आणि देशभर पसरली. आज चोपडा, शहादा किंवा साक्रीकडच्या कुठल्याही किराणा दुकानात पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. मजुरीचे पैसे हातात आले की पाच-दहा रुपयांची पुडी घेतली जाते. मोठी बाटली एकरकमी कोण घेणार? म्हणजे जिथे बहुतेक गिऱ्हाईक पुडीचं, तिथेच यादीची सक्ती नाही. काही कंपन्या स्वतःहून छापतात, पण तो त्यांचा चांगुलपणा.

ही सूट देण्याच्या बाजूने सांगतात की पुडीवर जागा नसते, आणि मोठ्या बाटलीवर यादी असतेच. जागेची अडचण खोटी नाही. पण सूट वजनावर दिली आहे, जागेवर नाही. २५ ग्रॅमची क्रीमची ट्यूब खोक्यात येते, खोक्याच्या चार बाजू मोकळ्या असतात, तरी ती सुटते. खाद्यपदार्थांच्या नियमात छोट्या पाकिटाची सूट पृष्ठभागावरून ठरते, आणि माहिती निदान बाहेरच्या मोठ्या वेष्टनावर द्यावी लागते. युरोपात जागा नसेल तर चिठ्ठी किंवा टॅग जोडतात.

सगळ्यात बोलका दाखला मेडिकलच्या काउंटरवर आहे. गोरं करणारी म्हणून मागितली जाणारी पंधरा-वीस ग्रॅमची ट्यूब कायद्याने औषध. म्हणून तिच्यावर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के असं नीट छापलेलं असतं. एवढ्याशा ट्यूबवर हे सगळं मावतं! यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, आणि थांबवलं की आणखी बिघडतं. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा लावायची स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. बाया तरी ती क्रीम म्हणूनच मागतात, डाग गेले की शेजारणीला सुचवतात. म्हणजे यादी छापून भागतं असंही नाही. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो, त्याचं तर विचारूच नका. केरळात मलप्पुरमकडे २०२३ मध्ये किडनीचे जे रुग्ण गोऱ्या रंगाच्या क्रीमशी जोडले गेले, त्या क्रीमवर पारा कोण छापणार होतं?

२०२० च्या डिसेंबरात सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. जुन्या चौकटीत बरंच बदललं, पण ६० मिली आणि ३० ग्रॅमची सूट तशीच पुढे आली. गंमत अशी की कॉलेजच्या पोरी चेहऱ्याला लावायच्या ज्या सीरमची (पातळ द्रवाची) यादी एवढ्या बारकाईने वाचतात, ती बाटलीही बहुधा ३० मिलीचीच असते. तिच्यावर यादी छापणं कंपनीला बंधनकारक नाही. गिऱ्हाईक विचारतं म्हणून ती छापते. पुडीच्या गिऱ्हाइकाने अजून तसं विचारलेलं नाही.