पोट टम्म, तरी म्हैस खंगते : जनावरांच्या भुकेमागच्या आणि वाढीमागच्या हार्मोनची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की गोठ्यागोठ्यात वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे येऊन पडतात. स्वस्तात मिळणारी हिरवी वैरण म्हटल्यावर कोण सोडणार? नेमक्या याच दिवसांत बऱ्याच म्हशी नुकत्या व्यालेल्या असतात, कारण म्हशींची वेतं मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत येतात. काही आठवड्यांत दूध चढतं आणि म्हैस मात्र खंगायला लागते. फासळ्या मोजता येतात, माकडहाड वर येतं. पुढ्यात वैरण असते, पोटही भरलेलं दिसतं, पण अंग धरत नाही. खाल्लेलं जातंय कुठं, हा प्रश्न दूध संस्थेच्या दारात दरवर्षी ऐकू येतो. त्याचं उत्तर जुळायला शास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याच्या दावणीच्याच जनावरांचा आहे.

ग्रंथींचा वाढीशी संबंध असतो हे शेतकऱ्याला शास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. खिलार खोंड लहानपणीच खच्ची केला तर त्याची मान वळूसारखी भरत नाही, स्वभाव नरमतो, पण पाय लांब होतात. हाडांच्या टोकांशी वाढीची एक पट्टी असते. ती वेळेवर बंद करण्याचं काम लैंगिक हार्मोन करतात. ते नसले की पट्टी उशिरापर्यंत उघडी राहते आणि हाड वाढत जातं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये १८४९ साली आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी हाच प्रकार कोंबड्यांवर नीट तपासला. खच्ची केलेल्या कोंबड्यांचा तुरा सुकला, आरवणं थांबलं. वृषण पोटात परत बसवल्यावर तुरा पुन्हा लाल झाला. मज्जातंतूंची जोडणी तुटलेली असतानाही परिणाम होतो, म्हणजे निरोप रक्तातून जातो, हे त्यांनी ताडलं. पुढे १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तात उतरणारं सिक्रेटिन दाखवलं आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांना हार्मोन हे नाव दिलं.

यानंतर सगळ्यांचं लक्ष गेलं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे. १९२१ मध्ये इव्हान्स आणि लाँग यांनी तिचा अर्क टोचून उंदीर नेहमीपेक्षा मोठे वाढवून दाखवले. १९४४ मध्ये इव्हान्स आणि ली यांनी बैलांच्या पिट्युटरीतून वाढीचं हार्मोन वेगळं काढलं. त्याआधीच, १९३७ मध्ये, सोव्हिएत संशोधकांनी शेकडो गाईंना पिट्युटरीचा अर्क टोचला होता आणि दूध वाढलं होतं. वाढीचं हार्मोन दूध का वाढवतं, हे कोडं तिथूनच पडलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला दुधाची टंचाई भासली, तेव्हा हा मार्ग तपासून पाहिला गेला. पण कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या ग्रंथी देशाच्या गरजेपुढे फारच अपुऱ्या ठरल्या. या ग्रंथीला वरून कोण हाकतं याचा शोधही जनावरांच्याच डोक्यांतून लागला. गिलमाँ यांच्या प्रयोगशाळेने मेंढ्यांचे आणि शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांचे लाखो मेंदू-तुकडे गाळून पिट्युटरीला हुकूम देणारे मिलिग्रॅमभर पदार्थ मिळवले. वाढीला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिन १९७३ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतूनच हाती आलं. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता.

भुकेचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता, आणि त्यात एक भारतीय नाव अभिमानाने घ्यावं असं आहे. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे पिट्युटरीच्या वरच्या मेंदूच्या भागाच्या, मधोमध इजा केली, तर उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि ब्रोबेक यांनी त्याच्या बाजूचा भाग निकामी केला. समोर अन्न असूनही उंदीर खाईनात. भुकेचं केंद्र म्हणून तो भाग प्रसिद्ध झाला. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. आपल्याकडे त्यांचं नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

त्या केंद्राला शरीरात किती साठा आहे हे कळतं कसं, हे मात्र १९९४ मध्ये उलगडलं. फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. लेप्टिन चरबीतून स्रवतं. चरबी भरली की ते वाढतं आणि भूक आवरते, चरबी उतरली की ते घटतं. उलट दिशेचा निरोप १९९९ मध्ये जपानमध्ये सापडला. कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या जठरात घ्रेलिन मिळालं. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण टप्पा हाच वाटतो, कारण घ्रेलिन भूकही चाळवतं आणि पिट्युटरीतून वाढीचं हार्मोनही सोडवतं. भूक आणि वाढ या दोन वाटा इथं एकत्र आल्या. रवंथ करणाऱ्या जनावरांत ते मुख्यतः चौथ्या पोटातून स्रवतं, आणि वैरणीची वेळ ठरलेली असेल तर ती यायच्या आधीच रक्तात चढतं. ठरल्या वेळी म्हैस दावणीला रेकायला लागते, त्यामागे हेही असतं.

आता त्या खंगलेल्या म्हशीकडे येऊ. कॉर्नेल विद्यापीठाचे बाऊमन आणि करी यांनी १९८० मध्ये मांडलं की व्याल्यानंतर शरीराचे अग्रक्रमच बदलतात. इन्सुलिन खाली येतं, वाढीचं हार्मोन वर जातं. एरवी यकृत त्याला प्रतिसाद देऊन आयजीएफ-१ हा वाढीचा घटक बनवतं, पण या काळात यकृतावरचे त्याचा निरोप पकडणारे रेणू कमी होतात. आयजीएफ-१ घटलं की पिट्युटरीवरचा लगाम सुटतो, वाढीचं हार्मोन आणखी चढतं आणि साठवलेली चरबी वितळवून कासेकडे पाठवतं. भूक वाढते खरी, पण दुधाच्या मागून, आठवड्यांच्या अंतराने. मधली तूट अंगावरून भरून निघते. म्हैस खंगते ती हार्मोनच्या हुकमानेच.

वाड्याने ही तूट मोठी होते. भरड, तंतुमय वैरण पहिल्या पोटात फार वेळ पडून राहते. पोट ताणलं की मेंदूला थांब असा निरोप जातो, शरीराची ऊर्जेची गरज भागलेली असो वा नसो. शिवाय वाड्यात प्रथिनं कमी आणि ऑक्सॅलेट जास्त, जे कॅल्शियम धरून ठेवतं, आणि व्यालेल्या म्हशीला नेमकं कॅल्शियमच हवं असतं. वाडं टाकूच नये असं माझं म्हणणं नाही. लहान शेतकऱ्याला ते परवडतं, म्हणून तो टाकतो. पण कुट्टी करून, चांगला हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण जोडीला देऊनच ते ताज्या व्यालेल्या म्हशीपुढे जावं.

१९८० च्या दशकात जिवाणूंकडून वाढीचं हार्मोन बनवता येऊ लागलं आणि युद्धकाळात अडलेला मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेने दुभत्या गाईंसाठी त्याला परवानगी दिली. १९९९ मध्ये कॅनडाने ते नाकारलं, तेही जनावरांच्या आरोग्यासाठी : कासदाह आणि लंगडेपणा वाढतो म्हणून. युरोपीय संघानेही बंदी घातली. या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली. इंजेक्शननंतर दूध काही दिवसांत वाढतं, पण खाणं काही आठवड्यांनी वाढतं. ते वाढवायला चांगला चारा नसेल तर पुन्हा अंगावरूनच वसुली होते.

आपल्याकडे गोठ्यात ज्या इंजेक्शनची चर्चा असते ते मात्र हे नव्हे. ते ऑक्सिटोसिन, आणि दोन्हींची गल्लत सर्रास होते. ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही, तयार झालेलं सोडवतं. १९४१ मध्ये अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या, आणि गाईने पान्हा चोरला. भीतीने सुटणारं अॅड्रिनलिन पान्ह्याच्या आड येतं हे त्यातून कळलं.

हे समजून घ्यायला कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यासारखी जागा नाही. शिंगं पाठीमागे खांद्यापलीकडे गेलेली पंढरपुरी म्हैस रस्त्याच्या कडेला उभी असते, बाजूने वाहनांचे हॉर्न वाजत असतात, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबलेलं असतं. गवळी कासेला हात लावतो, सड ओले करतो, आणि थोड्याच वेळात धारेचा फेस भांड्याच्या काठाला येतो. रेडकू जवळ नसलं तरी चालतं. ओळखीचा हात, ओळखीची वेळ आणि पिढ्यान्पिढ्या याच कामासाठी निवडलेली शांत जात, एवढ्यावर तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. इजा होईल अशा रीतीने दुधासाठी कोणताही पदार्थ टोचणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१८ मध्ये केंद्राने ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी आणली होती. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली.

या सगळ्यात सर्वांत उपेक्षित राहतं ते रेडकू. सगळं दूध संस्थेला गेलं की त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. १९५७ मध्ये सॅल्मन आणि डॉहाडे यांनी दाखवलं की वाढीचं हार्मोन कूर्चेवर थेट काम करण्याऐवजी रक्तातल्या एका मध्यस्थामार्फत करतं. तोच पुढे आयजीएफ म्हणून ओळखला गेला. उपाशी वासरात वाढीचं हार्मोन कमी नसतं, उलट जास्त असतं, पण यकृत त्याला दाद देत नाही, म्हणून आयजीएफ-१ बनत नाही आणि हाड वाढत नाही. प्रथिनं आणि ऊर्जा मिळाली की तेच हार्मोन कामाला लागतं. रेडी माजावर येणंही वयापेक्षा वजनावर अवलंबून असतं, कारण पुरेसा साठा झाल्याचा लेप्टिनचा निरोप मेंदूला मिळावा लागतो. रेडी उशिरा माजावर येते म्हणून डॉक्टरांकडे इंजेक्शन मागणाऱ्याने आधी तिच्या छातीचा घेर टेपने मोजावा, दर महिन्याला वहीत लिहावा, आणि आकडा हलत नसेल तर पेंडीचं माप वाढवावं.