कोळशाचा फुगवटा: तपासणीच्या कागदावरच्या दुर्लक्षित आकड्यामागचा इतिहास

सातारा-सांगलीच्या मातीखाली काळा पाषाण आहे, कोळसा नाही. इथे तो नेहमी लांबून, रेल्वेच्या वाघिणींतून आला आणि भाड्यासकट महाग पडला. त्यामुळे इथला गिऱ्हाईक आधी राख किती ते विचारतो, मग उष्मांक. तपासणीच्या कागदावर स्वेलिंग नंबर, म्हणजे तापवल्यावर कोळसा किती फुगतो त्याचा आकडा असला, तरी तिकडे सहसा कोणी बघत नाही.

या आकड्याचं मूळ बॉयलरमध्ये नाही, लोखंडाच्या भट्टीत आहे. 1709 मध्ये इंग्लंडात अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे हवेविना भाजलेला दगडी कोळसा वापरून लोखंड काढलं आणि तेव्हापासून कोक होणाऱ्या कोळशाचा शोध सुरू झाला. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला. बिडाचं ओतकाम म्हटलं की बीड वितळवणारी उभी कुपोला भट्टी आली आणि कुपोलाला कडक कोक लागतो. साधा दगडी कोळसा तिथे चालत नाही.

कोक मात्र कुठल्याही कोळशाचा होत नाही. हवा न लागू देता तापवल्यावर साधारण 350 ते 400 अंशांना काही कोळसे मऊ पडतात. आत सुटलेला वायू त्या लगद्यात अडकतो आणि वाफेने भाकरी फुगावी तसा कोळसा फुगतो. 500 अंशांच्या आसपास तो पुन्हा घट्ट होतो आणि सच्छिद्र कोक उरतो. चंद्रपूरकडचा कोळसा या कामाचा नाही. त्यासाठी झारखंडातल्या झरियासारख्या खाणी गाठाव्या लागतात.

चाचणी अगदी छोटी आहे. बारीक दळलेला एक ग्रॅम कोळसा झाकणाच्या सिलिका मुशीत घालून अडीच मिनिटांत 820 अंशांपर्यंत नेतात. मुशीतून निघालेली गुंडी नमुन्याच्या आकृत्यांशी ताडून 9 पर्यंत आकडा देतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. नुसती भुकटी राहिली तर शून्य. चिकटली पण फुगली नाही, तर वर 500 ग्रॅमचं वजन ठेवतात. चुरा झाला तर अर्धा, तगली तर एक. एवढ्याशा नमुन्यावर वाघिणीभर मालाचा निकाल लावायचा, म्हणून नमुना कुठून आणि कसा घेतला याला फार महत्त्व.

स्वातंत्र्यानंतर पोलादाची निकड वाढली. धनबादजवळ 1950 मध्ये केंद्रीय इंधन संशोधन संस्था सुरू झाली. कोकिंग कोळसा, म्हणजे ज्याचा कोक होतो तो, जपून वापरावा म्हणून 1952 चा कायदा आला. राष्ट्रीयीकरणातही कोकिंग खाणी 1972 मध्ये आधी घेतल्या, बाकीच्या 1973 मध्ये. कोकिंग कोळशाची प्रतवारी ठरवताना मात्र सरकारने राखच धरली: 15 टक्क्यांपर्यंत स्टील ग्रेड एक, 18 पर्यंत दोन. नॉन-कोकिंग कोळसा 2012 पासून उष्मांकावर विकला जातो. फुगवटा दोन्हीकडे बाजूलाच राहिला.

माझ्या मते बॉयलरवाल्यांचं यात नुकसानच आहे. चेन ग्रेटवर, म्हणजे बॉयलरच्या सरकत्या जाळीवर, जास्त फुगणारा कोळसा पडला की थर एकजीव होतो, खालची हवा वर येत नाही आणि मधला भाग न जळताच राखेत जातो. चिकटपणा अजिबात नसेल तर चुरी जाळीतून गळते किंवा हवेबरोबर उडते. थर एकजीव होऊन झालेल्या गोळ्यांना सरसकट क्लिंकर म्हणून राखेच्या नावाने खडे फोडले जातात. खरा क्लिंकर जड आणि काचेसारखा असतो, राख वितळून झालेला. चिकटलेल्या कोळशाचा गोळा हलका आणि सच्छिद्र असतो. फोडून टाकला तर परत पेटतो. लोहाराला मात्र तोच चिकटपणा हवा असतो, कारण त्याचं कवच धरलं की उष्णता आत कोंडून राहते.

आता बऱ्याच फाउंड्र्यांत विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्यात, त्यामुळे कोकची चौकशी कमी झाली आहे. तरीही हा आकडा पाहणाऱ्याने तपासणीची तारीखही बघावी. उघड्यावर पडलेल्या कोळशाचा हवेशी संबंध येऊन फुगवटा उतरतो. खाणीवर 4 निघालेला ढीग आवारात काही महिने राहिला, तर जुन्या कागदावर भरवसा ठेवू नये.