इंडियानातली जमीन फुकट नव्हती, मोकळी तर नव्हतीच
अमेरिकेतल्या इंडियानाच्या खेड्यापाड्यातल्या टाऊनशिपबद्दल (म्हणजे सरकारने मोजून आखलेले जमिनीचे मोठे चौकोन) एक गोष्ट कायम ऐकायला मिळते, की रान मोकळंच पडलेलं, सरकारने १६० एकर फुकट दिले अन् लोक येऊन वसले. अहो, तो फुकटवाला होमस्टेड कायदा १८६२ चा, तोवर इथली बहुतेक जमीन विकून झालेली! १७८५ च्या कायद्याने ६ बाय ६ मैलांचे हे चौकोन ठरले, प्रत्येकात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे, म्हणजे सेक्शन, १६ नंबरचा शाळेसाठी (हे मात्र भारी केलं), आणि १८२० पासून भाव सव्वा डॉलर एकर, कमीत कमी ८० एकर, म्हणजे शंभर डॉलर रोख, उधारी बंद. आणि मोकळं कसलं, १८३८ मध्ये ८५० च्या आसपास पोटावाटोमी या इथल्या मूळ जमातीच्या लोकांना बंदुकीच्या धाकाने इथून पार कॅन्ससला हाकलत नेलं, वाटेत चाळीसेक जण गेले, त्यात बरीचशी लहान पोरं.