विमानात मुलाची कार सीट: स्टिकर, तिकीट आणि जन्मतारीख

छत्रपती संभाजीनगरात तिकिटं काढून देण्याचं काम करत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कायम येतो. जालन्याची सून बाळाला घेऊन नवऱ्याकडे न्यू जर्सीला निघालेली असते, नाहीतर टेक्सासचे लेक-जावई लग्नसराईत लातूरला येऊन परत चाललेले असतात. सोबत कार सीट, म्हणजे मुलाला बांधून बसवायची छोटी बैठक असते, तिच्यासाठी चांगले पैसे मोजलेले असतात आणि ती विमानाच्या दारातून परत फिरते. मग सीट सामानात आणि मूल मांडीवर. सीट महागाची आहे, नामांकित कंपनीची आहे, याने काउंटरवर काहीही फरक पडत नाही. तिथे बघतात ते स्टिकर आणि तिकीट. म्हणून हे सगळं सीट विकत घेण्याआधी वाचा.

मुळात विमानात कार सीट सक्तीची नाही. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं, दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची जागा घ्यावीच लागते. तरीही अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, मुलाला मान्यताप्राप्त सीटमध्ये बांधून न्या असा सल्ला देतं. कारण साधं आहे: विमान अचानक हादरलं तर धडधाकट माणसालाही बाळ हातात धरून ठेवता येत नाही. चिकलठाण्याहून, म्हणजे आमच्या संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईपर्यंतच जायचं असेल तर एवढा खटाटोप करायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पुढे रात्रभराचं विमान असेल तर मात्र सीट न्याच, असं मी सगळ्यांना सांगतो.

सगळ्यात जास्त अडतं ते स्टिकरवर

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर लाल अक्षरांत एक इंग्रजी वाक्य छापलेलं असतं: ‘धिस रिस्ट्रेंट इज सर्टिफाइड फॉर यूज इन मोटर व्हेइकल्स अँड एअरक्राफ्ट’. हे वाक्य असलं की अमेरिकी विमान कंपन्यांकडे वाद संपतो. बूस्टर, म्हणजे मुलाला नुसती उंची देणारी बैठक, असेल तर तिच्यावर उलट लिहिलेलं असतं की ही विमानात वापरायला प्रमाणित नाही. विमान उडताना आणि उतरताना ती चालत नाही, मग मूल कितीही समजूतदार असो.

आपल्याकडे दुकानात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच सीटवर नारिंगी स्टिकर असतं. त्यावर गोलात ‘ई’ आणि ‘आर 44/04’ असं लिहिलेलं दिसतं. हे संयुक्त राष्ट्रांचं, युरोपात वापरलं जाणारं जुनं प्रमाण आहे. दुकानदार ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड आहे, साहेब’ म्हणतो, आणि ते खोटं नसतं. या प्रमाणाच्या सीट नियमातही बसू शकतात. घोळ होतो तो बेल्टपाशी. अशा बहुतेक सीट गाडीच्या तीन टोकांच्या बेल्टने बांधायच्या असतात, खांद्यावरून येणारा पट्टा त्यांना लागतोच. बादलीसारख्या उचलायच्या बाळसीटला तर तो पट्टा मागून वेढा घालून घ्यावा लागतो. विमानाच्या साध्या वर्गात फक्त पोटावरचा पट्टा असतो. गाडीत सीट अडकवायला असतात ते आयसोफिक्सचे हुकही तिथे नसतात. म्हणजे स्टिकर खरं, प्रमाण खरं, आणि तरीही सीट विमानात बांधताच येत नाही. युरोपातल्या काही विमान कंपन्या म्हणूनच टीयूव्ही राइनलँड या तपासणी संस्थेचं ‘फॉर यूज इन एअरक्राफ्ट’ हे वेगळं लेबल मागतात.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. ओळखीत कुणाकडे जुनी गाडी असेल तर तिच्या मागच्या मधल्या जागेला बहुतेक वेळा नुसता पोटपट्टा असतो. सीट तिथे ठेवा, मॅन्युअलमध्ये पोटपट्ट्याने बांधायची रीत शोधा, आणि तशी बांधा. गुडघा टेकवून, जोर देऊन पट्टा आवळा. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवा. इंचाच्या आत हलली तर ठीक. मॅन्युअलमध्ये ती रीतच सापडली नाही, तर ती सीट विमानासाठी नाही, विषय संपला.

रुंदीही मोजा. एफएए सांगतं की 16 इंचांपर्यंतची सीट बहुतेक विमानांत बसते. मोजताना नुसती बैठक मोजू नका, बाजूला ग्लास ठेवायची खोबण असते तिथपर्यंत मोजा.

नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या सीटबद्दल काळजीपोटी सांगतो. अंबाजोगाईच्या एका आजोबांनी नातवासाठी पुण्याच्या भाच्याकडून अमेरिकेहून आणलेली उत्तम सीट घेतली. घरच्यांनी ती स्वच्छ करताना कडेचं चिकट स्टिकर घासून काढलं. ते जुनाट, मळकं दिसत होतं. मॅन्युअल तर केव्हाच रद्दीत गेलेलं. सीट सगळ्या अर्थांनी योग्य होती, पण काउंटरवर ते सिद्ध करायला हातात काही नव्हतं. सीट धुताना सगळी स्टिकरं जपा, मोबाइलमध्ये त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि मॅन्युअलचं विमानाबद्दलचं पान छापून मुलाच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. सीटवर बनवल्याची तारीख असते, बऱ्याच सीटवर मुदतही छापलेली असते. मुदत उलटलेली किंवा गाडीच्या अपघातातून गेलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मूल 10 ते 20 किलो वजनाचं आणि 100 सेंटीमीटरपर्यंत उंच असेल, तर ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा संच मिळतो. तो विमानाच्या सीटच्या पाठीला अडकवायचा, एफएएची मान्यता असलेला, पिशवीत मावणारा. तो गाडीत मात्र वापरता येत नाही, त्यामुळे उतरल्यावर गाडीची सोय वेगळी लागते. इथूनच दुसरी गोष्ट येते: अमेरिकेत प्रत्येक राज्यात लहान मुलाला गाडीत सीट कायद्याने लागते, आणि ती तिथल्या प्रमाणाची लागते. आपल्याकडून नेलेली नारिंगी स्टिकरची सीट तिथल्या गाडीत चालत नाही. तिकडे कायमचं राहायला जाणाऱ्या सुनेने इथे सीट घेण्यात अर्थच नाही. नवऱ्याने तिथली सीट घेऊन, इकडे येणाऱ्या कुणाबरोबर आधी पाठवावी, नाहीतर विमानात ‘केअर्स’ आणि उतरल्यावर त्याने सीट लावूनच गाडी आणावी.

तिकिटावर ‘आयएनएस’ आहे का बघा

दोन वर्षांखालच्या मुलासाठी सीट वापरायची तर त्याच्या नावावर जागा विकत घ्यावी लागते. संकेतस्थळावर ‘इन्फंट’ निवडलं की मांडीवरचं तिकीट निघतं, जागा मिळत नाही. ‘चाइल्ड’ निवडावं तर बऱ्याच ठिकाणी जन्मतारीख टाकल्यावर पुढे जाऊच देत नाही. इथे लोक चुकीची जन्मतारीख टाकून पुढे जातात. कृपा करून तसं करू नका, पासपोर्टशी तारीख जुळली नाही की विमानतळावर सगळंच अडतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा किंवा तिकीटवाल्याकडून काढून घ्या. आमच्या यंत्रणेत मांडीवरच्या बाळाला ‘आयएनएफ’ आणि जागेवरच्या बाळाला ‘आयएनएस’ असा संकेत असतो. तिकीट हातात आल्यावर तो बघा.

त्यानंतर विमान कंपनीला सीटचं नाव, मॉडेल, रुंदी आणि स्टिकरचा फोटो पाठवून ई-मेलवर होकार घ्या. फोनवरचा ‘हो, चालेल मॅडम’ काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही. मराठवाड्यातून जाणाऱ्यांचा प्रवास बहुतेक तुकड्यांचा असतो: चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्ली, पुढे दुसरी कंपनी. नांदेड, देगलूर, उदगीरकडचे लोक गाडीने हैदराबाद गाठतात. तिकीट कुणीही विकलेलं असो, नियम चालतो तो प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा होकार लागतो. एका टप्प्याचा मिळाला म्हणून निश्चिंत राहिलेले लोक मधल्या विमानतळावर रडकुंडीला आलेले मी पाहिले आहेत, आणि एवढं साधं काम एका खिडकीवर होऊ नये याचा मला मनापासून राग येतो.

जागा खिडकीची घ्या. मधल्या वाटेकडच्या जागेवर बसवलेली सीट बाकीच्यांची वाट अडवते म्हणून ती देत नाहीत, संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळची रांगही नाही. पाळणा लावतात ती सगळ्यात पुढची रांग अनेकजण हौसेने मागतात, पण तिथले हात टेकायचे दांडे वर होत नाहीत, कार सीट अडकते. भारतात 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असं विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असू द्या म्हणजे ते मागता येतं.

जन्मतारीख

वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढल्याच्या दिवशीचं नाही. समजा बाळाचा जन्म 10 जून 2024 चा. मार्च 2026 मध्ये जाताना ते मांडीवर चालेल. ऑगस्टमध्ये परत येताना दोन वर्षं उलटलेली, म्हणजे त्या विमानात त्याला जागा घ्यावीच लागणार. हे आधी बघितलं नाही तर परतीच्या काउंटरवर त्या दिवसाच्या भावाने जागा घ्यावी लागते, तीही उरली असेल तर.

देशातल्या प्रवासात आई-वडिलांकडे ओळखपत्र असलं की बाळाचं वेगळं ओळखपत्र सुरक्षा तपासणीला लागत नाही, हे खरं. पण विमान कंपनीला वयाचा पुरावा लागतो. दोन वर्षांखालचं आहे हे दाखवता आलं नाही तर पूर्ण भाडं घेतात. जन्माचा दाखला किंवा आधार सोबत ठेवा.

दाखल्याचा खरा गोंधळ परदेशी जाताना होतो. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद होते ती जन्म झाला तिथे: सासर परभणीला असलं तरी बाळ उदगीरला झालं असेल तर दाखला उदगीरलाच. लोक परभणीच्या कार्यालयात खेटे घालत बसतात आणि तिथला कारकून एका वाक्यात हे सांगायचं सोडून ‘उद्या या’ म्हणतो. दुसरं म्हणजे नाव. दवाखाना नोंद पाठवतो तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे दाखल्यावर बाळाचं नाव कोरं राहतं. नोंद 21 दिवसांत झालेली असते, पण नाव घालायला कुणी परत जात नाही. जन्मनोंदणीपासून वर्षभरात हे नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर शुल्क लागतं. बारसं उरकलं की त्याच आठवड्यात माहेरच्या कुणाला तरी पाठवा. पासपोर्टला पुढे दोन्ही पालकांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट ड’ हे घोषणापत्र लागतं, आणि चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरून न्यावा लागतो.

सीट विमानात न नेता सामानात द्यायची असेल तर जाड खोक्यात, कपडे कोंबून द्या. आतला फोम तुटला तरी बाहेरून कळत नाही. आणि मुंबई किंवा हैदराबादहून घरी येणाऱ्या भाड्याच्या गाडीचंही आधीच बघा. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे 14 वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड आहे. भाड्याच्या एर्टिगात मागचे बेल्ट असतात, पण त्यांची बकलं सीट कव्हरखाली दबलेली असतात, आणि रात्री दोन वाजता विमानतळाबाहेर ती निघत नाहीत. गाडी ठरवतानाच ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून सांगा: मागच्या सीटची बकलं वर काढून ठेवा, बाळाची सीट बांधायची आहे.