नैराश्य आणि सीआरपीचा आकडा

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात चार्ल्स रेझन, अँड्र्यू मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याचे 60 रुग्ण एका चाचणीसाठी निवडले. नेहमीच्या गोळ्यांनी फारसा गुण न आलेले हे लोक. त्यांना शिरेतून जे औषध द्यायचं ठरलं ते मनाच्या आजाराचं नव्हतंच. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवाताचं औषध. शरीरात दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीने पेटवलेली सूज, भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते निकामी करतं. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. सुरुवातीला, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात असे तीन डोस झाले. कुणाच्या बाटलीत काय आहे हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि त्यांची तपासणी करणाऱ्यांनाही. बारा आठवड्यांनी हिशेब मांडला, तर दोन गटांत काहीच फरक नाही.

पण सगळ्यांच्या रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह वाढला की वाढणारं प्रथिन, आधीच मोजून ठेवलेलं होतं. ज्यांचं सीआरपी लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर होतं त्यांना वेगळं काढल्यावर चित्र पालटलं. औषध मिळालेल्या अशा 13 जणांपैकी 8 जणांचा त्रास निम्म्यावर किंवा त्याखाली आला. सलाइन मिळालेल्या 9 जणांपैकी 3 जणांचा. सीआरपी कमी असलेल्यांमध्ये मात्र उलटं घडलं, सलाइनवालेच जास्त सुधारले. एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात जिरला आणि एकूण निकाल शून्यावर आला. 13 आणि 9 हे आकडे इतके लहान आहेत की हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तरीही 2013 साली छापला गेलेला हा निबंध या विषयात अजून सारखा पुढे येतो, कारण नैराश्याच्या औषधांबद्दलची एक जुनी अडचण त्याने नेमकी दाखवली: आपण वेगवेगळे आजार एकाच नावाखाली तपासतो आहोत की काय?

अडचण खरीच मोठी आहे. पहिल्या गोळीने पूर्ण बरं वाटणारे साधारण एक तृतीयांश. पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे दोन वेगवेगळी औषधं घेऊनही फरक पडला नाही की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. घरचे मात्र म्हणतात, ‘स्वतःहून थोडं मनावर घे ना.’

सीआरपीची ओळख आपल्याला कोविडने करून दिली. यकृत हे प्रथिन बनवतं, आणि ते बनवण्याचा हुकूम मुख्यतः आयएल-6 या संदेशवाहक रेणूकडून सुटतो. 2021 मध्ये ज्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक गावभर फिरत होते, ते याच आयएल-6 ची वाट अडवणारं औषध. तेव्हा रिपोर्टवर 50, 100 असे आकडे दिसायचे. नैराश्यातला दाह तितका धगधगता नसतो, राखेखालचा असतो. 3 च्या वर गेलं तरी ते वाढलेलं धरतात, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा या रेषेच्या वर सापडतो. म्हणजे तीन चतुर्थांश सापडत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

दाहाचा मनाशी संबंध असेल, ही शंका आली कुठून? सगळ्यात ठसठशीत पुरावा इंटरफेरॉनने दिला. कर्करोग आणि हिपॅटायटिस-सी यांवर हे औषध दिलं जाई. ते प्रतिकारशक्तीला चेतवतं, आणि ते घेणाऱ्या कितीतरी जणांना काही आठवड्यांत नैराश्य येई. 2001 साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या 40 रुग्णांवर एक चाचणी झाली. इंटरफेरॉनच्या आधी दोन आठवडे पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी सुरू केलेल्यांपैकी 11 टक्क्यांना नैराश्य आलं, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी 45 टक्क्यांना.

याच रुग्णांच्या तक्रारी नंतर सुट्या करून पाहिल्या गेल्या, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. थकवा, झोप बिघडणं, भूक मरणं हे दोन आठवड्यांतच सुरू झालं आणि गोळीला त्याने फारशी दाद दिली नाही. उदासी, चिंता, चित्त न लागणं हे मागाहून आलं आणि गोळीने ते बऱ्यापैकी आवरलं. मानसोपचारतज्ज्ञाकडे ‘आता रडू येत नाही डॉक्टर, पण उठवतच नाही’ असं सांगणारे रुग्ण येतात, त्यांची आठवण इथे होते.

तापात आपलंही थोडंफार असंच होतं. अंगात कसकस, तोंडाला चव नाही, कुणी बोलायला आलं तरी नको वाटतं. हे जंतू करत नाहीत, आपलीच प्रतिकारयंत्रणा करवून घेते. आजारी जनावर कोपरा धरून पडून राहतं तेही त्यामुळेच. शक्ती वाचवायची, जखम भरू द्यायची. ताप उतरला की हा पडदा दूर होतो. काहींच्या बाबतीत तो होत नसावा.

मेंदूत काय घडतं याचे दोन धागे बरेच स्पष्ट झाले आहेत. अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन तयार होतं. दाह वाढला की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) जोर धरतं आणि पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवावं तसं हे ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन या दुसऱ्याच रसायनाकडे वळवतं. त्यातून पुढे क्विनोलिनिक आम्ल बनतं, आणि ते चेतापेशींना जाचक ठरतं. नेहमीच्या गोळ्या असलेलं सेरोटोनिन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकवतात. कच्चा मालच पळवला जात असेल तर त्या तरी काय करणार? दुसरा धागा डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा. सीआरपी जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मेंदूतल्या, आनंद आणि उमेद यांच्याशी जोडलेल्या भागांमधला संवाद क्षीण दिसतो. आवडीच्या गोष्टीतही गोडी न वाटणं याच्याशी त्याचा मेळ बसतो.

आता उलटतपासणी. लठ्ठपणात चरबीच्या पेशीही आयएल-6 सोडतात. धूम्रपान, हिरड्यांचे आजार, मधुमेह, सगळ्यांनी सीआरपी चढतं. मग दाहामुळे नैराश्य, की नैराश्यामुळे बिघडलेल्या खाण्यापिण्यातून दाह? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात जन्मलेल्या हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जातो आहे. त्यांत नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात आयएल-6 जास्त होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य असण्याची शक्यता जास्त निघाली. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अशाच पाहणीत, लहानपणी छळ सोसलेल्यांचं सीआरपी बत्तिसाव्या वर्षीही चढं होतं. बाण दोन्हीकडे जातो असं दिसतं.

आणि औषधं? इथे उत्साह आवरायला हवा. मिनोसायक्लिन या जुन्या, दाहशामक गुण असलेल्या प्रतिजैविकाने लंडनच्या एका छोट्या चाचणीत सीआरपी 3 च्या वर असलेल्यांना फायदा दाखवला. जर्मनीत 173 रुग्णांवर, सीआरपीची चाळणी न लावता, ते सपशेल पडलं. चाळणी लावली की झालं, असंही नाही. आयएल-6 रोखणाऱ्या सिरुकुमॅबच्या चाचणीत सीआरपी वाढलेलेच रुग्ण निवडले होते, तरी मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही. मला यापेक्षा एक साधा निष्कर्ष जास्त कामाचा वाटतो: सीआरपी 1 च्या खाली असलेल्यांना एस्सिटालोप्रॅम जास्त मानवलं, वर असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. ही दोन्ही नैराश्यावरची, आपल्याकडे मिळणारी, रुळलेली औषधं आहेत. मात्र हाही निष्कर्ष अजून दवाखान्यातला नियम झालेला नाही.

म्हणून कुणी लगेच लॅब गाठू नये. साध्या सीआरपी चाचणीत बऱ्याचदा ‘6 पेक्षा कमी’ एवढंच छापून येतं. 1 आणि 3 मधला फरक दिसायला एचएस-सीआरपी ही जास्त बारीक मोजणारी चाचणी लागते, आणि दाढ दुखत असेल किंवा आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला असेल तर तेही फसवं. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. स्टेरॉइड दाह शमवतात खरे, पण मनःस्थिती तेच बिघडवू शकतात. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने तर शरीरात दबून असलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. आपल्या देशात हा बारीक मुद्दा नव्हे.

उलट दिशेने मात्र आजच करण्यासारखं काही आहे. सोरायसिसच्या 618 रुग्णांवर 2006 साली झालेल्या चाचणीत एटानरसेप्ट या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाने त्वचेबरोबर नैराश्याची लक्षणंही कमी केली, आणि ही सुधारणा केवळ चट्टे गेल्याच्या आनंदाने झाली असं आकडे म्हणत नव्हते. संधिवात, सोरायसिस, आतड्याचा दाह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. सांध्यांची सूज बोटांनी दाबून पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘झोप कशी लागते, कशात मन रमतं का?’ हे त्याच भेटीत विचारायला रक्ताच्या नव्या चाचणीची गरज नाही. त्यांनी नाही विचारलं, तर रुग्णाने आपण होऊन सांगावं.