बाळाचा बाप्तिस्मा की बाळाचं समर्पण? फोटोत सारखं, रजिस्टरात वेगळं

पांढरा फ्रॉक, लेसची टोपी, पाळकांच्या हातात रडून लाल झालेलं बाळ, मागे पै-पाहुण्यांची रांग. दुपारी पंगतीला तांबडा-पांढरा रस्सा. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांच्या अल्बममध्ये असा एक फोटो हमखास सापडतो आणि घरात त्याला सरसकट ‘बाप्तिस्म्याचा फोटो’ म्हणतात. कधी कधी तो बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने चर्चमध्ये सामील करून घेण्याचा विधी, नसतोच; समर्पण असतं, म्हणजे प्रार्थना करून बाळ देवाच्या हाती सोपवणं. ओळखायचं तर पाळकांचा हात बघावा. बोटांवरून पाणी निथळतंय आणि बाळाची टाळू ओली आहे, तर बाप्तिस्मा. हात कोरडा आणि नुसता डोक्यावर ठेवलेला, तर समर्पण.

हा घोळ इथे का होतो, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि पुढे इथलं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. कॅथलिक आणि अँग्लिकनही देतात. बॅप्टिस्ट, ब्रेदरन, पेंटेकॉस्टल मंडळ्या (म्हणजे चर्च) मात्र बाळाचं समर्पण करतात आणि बाप्तिस्मा मोठेपणी देतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बॅप्टिस्टही होते. म्हणून सीएनआयने दोन्ही पद्धती मान्य केल्या. ‘सीएनआय म्हणजे बाप्तिस्मा आणि फेलोशिप (स्वतंत्र मंडळी) म्हणजे समर्पण’ हा ठोकताळा त्यामुळे दर वेळी लागू पडत नाही.

बाप्तिस्म्याला दोनच गोष्टी अटळ: साधं पाणी, आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द. पाणी सहसा तीनदा घालतात. थंडीत कोमट घेतलं तरी चालतं. कॅथलिकांत धर्मपिता किंवा धर्ममाता लागते: साधारणपणे वय किमान 16, आणि स्वतःचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेलं. एक जण पुरतो; दोघं असतील तर एक पुरुष, एक बाई. मामाला मान द्यायचा म्हणून अकरावीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला उभं करू नये, तिथे फादर अडवतात. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळीत वचन मुख्यतः आईबाप देतात, आणि सगळी मंडळीही देते.

समर्पणाला आधार वेगळा. बायबलमध्ये हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, मंदिरात आणलं, मरीया-योसेफाने येशूला यरुशलेमेत नेलं, येशूने बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. यांपैकी कुठेही पाणी नाही. आईबाप ‘याला प्रभूच्या मार्गात वाढवू’ असं वचन देतात आणि पाळक प्रार्थना करतात. बाळाच्या वतीने विश्वास कोणी कबूल करत नाही, कारण तो त्यानेच पुढे करायचा असतो.

नाव ठेवण्याशी या दोन्हींचा संबंध नाही; ते काम बारशाचं. आणि कायद्याने नाव लागतं ते जन्मनोंदीत. तिथे बाळाचं नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. पाळकांना नाव सांगताना जन्मदाखला समोर धरावा. घरातलं ‘सोनू’ चर्चच्या रजिस्टरात गेलं की ते निस्तरायला वीस वर्षांनी कोणाला तरी खेटे घालावे लागतात.

खरा फाटा फुटतो तो किशोरवयात. बाळपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा दृढीकरणाच्या वर्गाला बसतो, मग बिशप डोक्यावर हात ठेवतात. आईबापांनी दिलेलं वचन तो स्वतःचं म्हणून उचलतो. समर्पण झालेल्या मुलाला दृढीकरणाला बसवता येत नाही, कारण दृढ करायला आधी बाप्तिस्मा हवा. तो साक्ष देतो आणि पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घेतो, चर्चच्या हौदात नाहीतर नदीत. नदीचा बेत असेल तर पावसाळा टाळलेला बरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फुटांची आहे, पण ओढ आणि गाळ त्याच्या खूप आधीच सुरू होतो.

सगळ्यात मोठी फजिती लग्नात. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. ख्रिस्ती धर्म मानणारा तो ख्रिस्ती, एवढंच तो म्हणतो. दाखला मागतं ते चर्च. घरून ‘झालाय की, फोटो आहे’ असं उत्तर येतं, कागद निघतो समर्पणाचा, आणि पत्रिका तर छापून झालेल्या असतात. जोडीदार कॅथलिक असेल तर प्रकरण आणखी वाढतं. दुसऱ्या मंडळीत पाणी आणि त्र्येक (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, आणि अशा लग्नाला परवानगी लागते. पण नुसतं समर्पण असेल तर त्यांच्या लेखी ती व्यक्ती अबाप्तिस्मित. मग परवानगी पुरत नाही, बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ती नसेल तर चर्चच्या नियमाने लग्न वैधच ठरत नाही. घाईघाईत बाप्तिस्मा उरकू म्हटलं तर आधी शिक्षणाचे वर्ग आहेत, ते दोन रविवारांत संपत नाहीत. म्हणून कागद सुपारीच्या आधी काढावेत.

आई एका मंडळीची, बाप दुसऱ्या, अशा घरात दोन्ही उरकून टाकायचा मोह होतो. आधी समर्पण आणि नंतर बाप्तिस्मा, यात अडचण नाही. उलट क्रमात आहे. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा पाण्यात उतरायचं म्हटलं की जुनी मंडळी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या ‘एकच बाप्तिस्मा’वर बोट ठेवते, आणि नवी म्हणते की पहिला तर तुझा नव्हताच. हा वाद आपल्या जेवणाच्या टेबलावर मिटणारा नाही. दोन्ही पाळकांना आधी विचारावं, पाण्यातून बाहेर आल्यावर नव्हे.

बाळ कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात काचेच्या पेटीत असेल, जिवाला धोका असेल, तर कॅथलिक नियमाने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी नर्ससुद्धा. पाणी, ते शब्द आणि मनातला खरा हेतू एवढं पुरतं. मग पॅरिशला, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चला, कळवून नोंद करायची. प्रेस्बिटेरियन विचारात तारण बाप्तिस्म्यावर अडलेलं नसतं, म्हणून तिथे पाळकांना बोलावतात, पण वेळेत पोचले नाहीत तर बाळाचं काही हुकलं असं कोणी मानत नाही. समर्पणवाल्या घरात प्रार्थना करतात, बस्स.

आता घरातला कागद काढून बघा. त्यावर ‘बाप्तिस्मा’ हा शब्द, तारीख आणि रजिस्टरातला क्रमांक आहे का? कॅथलिक लग्नाला जुना कागद चालत नाही. सहसा गेल्या सहा महिन्यांत काढलेला नवा उतारा मागतात, कारण दृढीकरण आणि लग्न त्याच नोंदीच्या समासात लिहिलेलं असतं. रजिस्टर पुरात भिजलं किंवा हरवलं असेल, तर कोणाचं नुकसान होत नसल्यास कॅथलिक नियमाने एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदनही चालतं. त्या दिवशी पाळकांच्या शेजारी पाण्याची वाटी धरून उभी असलेली आज्जी अजून आहे, तोवर तिला विचारून घ्या.