पार्श्वभूमी: मॉनिटरचा उजेड नुसत्या डोळ्याने कसा जुळवतात?

संगणकाला 0 (काळा) ते 255 (पांढरा) मधला 128 हा आकडा दिला, तर पडद्यावर पांढऱ्याच्या निम्मा उजेड येईल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात साधारण 22 टक्केच येतो. निम्म्यासाठी 186 च्या आसपास जावं लागतं. रोजच्या कामात याने काही अडत नाही. पण माणसाला किती फिकट पट्टे ओळखता येतात हे मोजायला बसलेल्या संशोधकाचं सगळं गणित यावरच उभं असतं.

याचं मूळ जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये आहे. तिथे व्होल्टेज दुप्पट केलं की उजेड चौपटीहून जास्त वाढतो. व्होल्टेजच्या जितक्याव्या घातात उजेड वाढतो, त्या घातांकालाच गॅमा म्हणतात. ट्यूब गेली तरी गॅमा राहिला, कारण तोपर्यंत सगळी चित्रं त्याच हिशोबाने तयार होत होती. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडलेल्या, रंग आकड्यांत लिहिण्याच्या एसआरजीबी पद्धतीत तो साधारण 2.2 धरला गेला. सपाट एलसीडी पडद्याचा स्वतःचा व्होल्टेज-उजेडाचा आलेख खरं तर इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला ट्यूबची नक्कल करावी लागते. मॅकवर तर 2009 पर्यंत मूळ सेटिंग 1.8 चं होतं.

केंब्रिजच्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी फिकट पट्टे ओळखण्याचे 1968 चे गाजलेले प्रयोग ऑसिलोस्कोपच्या (विजेचे सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर केले. पुढे प्रयोगशाळांत संगणक आले आणि गॅमाचा प्रश्न आ वासून उभा राहिला. साइन लहरीसारखे मऊ कडांचे पट्टे गॅमाच्या दुरुस्तीविना दाखवले, तर उजळ भाग अरुंद होतो, काळा भाग पसरतो आणि लहरीत नको असलेल्या बारीक लहरी मिसळतात. निरीक्षकाला नेमकं काय दिसलं, मूळ पट्टे की ही भेसळ, हे मग कसं सांगणार? डेव्हिड ब्रेनर्ड यांनी 1989 मध्ये कॅलिब्रेशनची, म्हणजे कोणत्या आकड्याला किती उजेड येतो हे मोजून दुरुस्त करण्याची, रीतसर पद्धत मांडली. पेली आणि झँग यांनी 1991 मध्ये 256 पायऱ्यांची मर्यादा ओलांडायचा मार्ग दाखवला: व्हिडिओ कार्डाचे तीन रंगांचे सिग्नल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बारीक पायऱ्या मिळवायच्या.

या सगळ्याला प्रकाशमापक लागतो, आणि चांगला प्रकाशमापक महाग असतो. तो नसेल तर डोळ्याने जुळवणं हा तात्पुरता जुगाड आहे असं समजलं जातं. मला ते पटत नाही, कारण प्रकाशमापनाची सुरुवातच तशी झाली. फ्रान्सच्या प्येर बुगेर यांनी 1729 च्या ग्रंथात सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र या दोघांना मेणबत्तीशी ताडून पाहिलं आणि सूर्य चंद्राच्या सुमारे 3 लाख पट उजळ ठरवला. एक उजेड दुसऱ्याच्या किती पट आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. शेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे मात्र तो फार बारकाईने सांगतो.

मॉनिटरवर हेच करतात. एका चौकोनात एकाआड एक काळ्या-पांढऱ्या, एकेका पिक्सेलच्या आडव्या रेघा. त्यांचा सरासरी उजेड निम्मा असणारच. शेजारी सपाट करडा चौकोन. रेघा एकमेकींत मिसळेपर्यंत मागे सरकायचं आणि दोन चौकोनांमधली सीमा पुसली जाईपर्यंत करडा आकडा कमी-जास्त करायचा. 186 आला तर गॅमा 2.2. मग काळ्या रेघांबरोबर पांढऱ्याऐवजी हाच करडा घेऊन पाव उजेड शोधायचा, की आलेखावर आणखी एक बिंदू मिळाला. रेघा आडव्याच हव्यात, हे ट्यूबच्या मॉनिटरवर विसरून चालत नाही. तिथे किरण ओळीने डावीकडून उजवीकडे धावतो. उभ्या रेघांसाठी प्रत्येक पिक्सेलला व्होल्टेज पूर्ण वर-खाली करावं लागतं. ते तितक्या झपाट्याने होत नाही, आणि सरासरी बिघडते.

डोळ्याने केलेलं हे कॅलिब्रेशन कितपत विश्वासार्ह, याची कसून तपासणी कोलंबो आणि डेरिंग्टन यांनी 2001 मध्ये केली. त्याच वर्षी लू आणि स्पर्लिंग यांनी हालचालीच्या आभासावर बेतलेली, आणखी संवेदनशील रीत दिली. दुरुस्ती चुकली असेल तर पट्टे एका दिशेला सरकताना दिसतात. बरोबर असेल तर दिशा ठरवता येत नाही.

या पद्धतीतून आलेखाचा आकार मिळतो. पडदा प्रत्यक्षात किती कँडेला प्रति चौरस मीटर उजेड देतो, हे कळायला मापकच लागतो. मान जरा कलली की उजेड बदलणारे स्वस्त एलसीडी आणि खोलीतल्या प्रकाशानुसार आपोआप मंदावणारे लॅपटॉप यांच्यावर तर एकदा जुळवलेला आकडा टिकतही नाही. प्रयोग इंटरनेटवरून, भाग घेणाऱ्याच्या घरच्या पडद्यावर घ्यायचा असेल तेव्हा मात्र तिथे मापक नसतोच, आणि जुळवणी त्या माणसाच्या डोळ्यानेच करून घ्यावी लागते.